तख्त-ए-जमशीद नीट बघायचं असेल तर : मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

पर्सेपोलिस, म्हणजे इराणी लोक ज्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात तो दार्युश राजाचा राजवाडा, बघायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, तो आधीच सांगतो : तिथं अख्खा दिवस द्या. शिराझहून निघणाऱ्या टूरच्या गाड्या एकाच दिवसात पर्सेपोलिस, नक्श-ए-रुस्तम आणि पासारगाद असं सगळं उरकून टाकतात. खांबांसमोर फोटो होतात, सेल्फी होतात आणि गाडीत बसा म्हणून हाका सुरू होतात. खांब काय लांबूनही दिसतात हो, पण त्या जागेचा जीव आहे पायऱ्यांच्या भिंतीवर ओळीनं कोरलेल्या माणसांत, आणि ती माणसं जवळ जाऊन, थांबून, एकेक करून बघितल्याशिवाय दिसतच नाहीत.

म्हणून तयारीची सुरुवात पासपोर्टपासून नाही तर वेरूळपासून करा असं मी सांगेन. आपण मराठवाड्यातली माणसं नशीबवान आहोत, दगडाकडं बघायची शाळा आपल्या दारातच आहे, पण शाळेच्या सहलीत धावत बघितलेलं कैलास लेणं सोडलं तर आपल्यातले कितीतरी जण तिथं परत गेलेले नसतात. एक दिवस काढा, कैलासच्या एखाद्याच भिंतीसमोर तासभर बसा, कोण कुणाकडं बघतंय, कुणाच्या हातात काय आहे, छिन्नीचे घाव कुठं राहिलेत हे बघायची डोळ्याला सवय लावा. मग अजिंठ्याला पहिल्या लेण्यात जाऊन छताकडं बघा, तिथं टोकदार टोप्या घातलेली, हातात पेला धरलेली परदेशी मंडळी रंगवलीत, इराणी पेहरावातली. पूर्वीचे अभ्यासक त्यांना इराणी राजदूतच समजायचे. ही चित्रं पर्सेपोलिसच्या नंतर हजारभर वर्षांनी काढलेली आहेत हे लक्षात ठेवा, पण इराणकडून माणसं आपल्या डोंगरांपर्यंत येत होती हे एकदा डोळ्यानं बघितलं की मग तिकडं गेल्यावर परकं वाटत नाही.

आता परवानगीचं. तिकीट काढायच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर इराणसाठीची सूचना वाचायची, हे सगळ्यात पहिलं. २०२५ च्या जूनमध्ये इस्रायल-इराण लढाई पेटली तेव्हा आपल्या सरकारला ऑपरेशन सिंधू राबवून विद्यार्थी आणि यात्रेकरू परत आणावे लागले होते. जाऊ नका अशी सूचना असेल तर जायचंच नाही, एजंट काहीही सांगू दे. राजवाडा अडीच हजार वर्षं उभा आहे, अजून थोडं थांबेल. व्हिसाचंही तसंच, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. २०२४ च्या फेब्रुवारीपासून भारतीयांना विमानानं गेल्यास १५ दिवस व्हिसा लागत नव्हता, ती सवलत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये थांबवली, कारण नोकरीचं आमिष दाखवून लोकांना तिकडं नेऊन डांबून ठेवायचे प्रकार झाले. म्हणजे व्हिसा काढूनच जायचं असं धरून चाला. इराणची वकिलात मुंबईत आहे तशी हैदराबादलाही आहे, नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबाद जवळ पडतं. आणि "व्हिसा लागत नाही, मी बसवून देतो" असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

वेळ कुठली निवडावी? एप्रिल ते मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण मे महिन्यातल्या परभणीत आपण दुपारी बारा ते चार रस्त्यावर उभे राहतो का? त्या चौथऱ्यावर सावली जवळजवळ नाहीच, दगड तापतो, हवा एकदम कोरडी, घाम येतो तो कळतही नाही आणि डोकं दुखायला लागतं. उलट हिवाळ्यात सकाळी चांगलीच थंडी असते कारण तो सगळा भाग समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. एक काळ मात्र टाळाच, नवरोझ, म्हणजे इराणी नववर्ष, २०-२१ मार्चपासून पुढचे दोनेक आठवडे, कारण तेव्हा अख्खा इराण फिरायला निघतो, हॉटेल मिळत नाही आणि कोरीवकामासमोर उभं राहायला जागा नसते. आपल्याकडच्या परीक्षा संपायचा काळ आणि हा काळ जवळजवळ येतो, तेव्हा लेकरांना घेऊन जाणाऱ्यांनी तारखा बघूनच ठरवा.

पैशाचं नीट ऐका, इथं बरेच जण अडकतात. निर्बंधांमुळं आपलं व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे, यूपीआय काहीही तिकडं चालत नाही, एटीएममधूनही पैसे निघत नाहीत, त्यामुळं सगळ्या प्रवासाचे पैसे डॉलर किंवा युरोत रोख न्यायचे आणि तिथल्या अधिकृत सराफीत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात, थोडे थोडे करून बदलायचे. नोटा कोऱ्या असाव्यात, फाटक्या-लिहिलेल्या घेत नाहीत. नोटेवर रियाल छापलेलं असतं पण दुकानदार बोलतो तोमानमध्ये, १ तोमान म्हणजे १० रियाल, तेव्हा भाव ऐकला की "रियाल का तोमान" एवढं विचारायचंच. आकडे फारसी असतात, आपल्याकडं उर्दू पाट्या वाचता येणारे घरोघरी आहेत त्यांना काही अडचण नाही, बाकीच्यांनी शून्य ते नऊ एका संध्याकाळी पाठ करून टाका, गाडीचा नंबर आणि तिकिटाचा दर वाचता आला तरी अर्धं काम होतं.

बायकांना डोक्यावर रुमाल आणि अंग झाकणारे सैल कपडे लागतात, तिथला कायदाच आहे तो, आपला सलवार-कुर्ता आणि ओढणी छान चालते, सुती असावी एवढंच. पुरुषांनी हाफ पँट घालू नये. दारू देशात बंद आहे, सोबत न्यायची नाही. ड्रोन अजिबात नेऊ नका. इन्स्टाग्राम वगैरे तिकडं बंद असतं आणि इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून नकाशे घरूनच डाउनलोड करून घ्या.

शाकाहारी लोकांचं काय, हे सगळ्यात जास्त विचारतात. उपाशी राहत नाही माणूस. नान, पनीर, हिरव्या पाल्याची ताटली, दही, शिराझी सॅलड म्हणजे आपली काकडी-टोमॅटो-कांद्याची बारीक कोशिंबीर, फलाफल, आणि कश्क-ए-बादेमजान नावाचा वांग्याचा प्रकार, जो भरीत खाऊन वाढलेल्या माणसाला लगेच आवडतो. खजूर आणि पिस्ते तर काय विचारायलाच नको. "बेदून-ए-गुश्त" म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करा, पण आश नावाचं घट्ट सूप मागवताना तरी नीट विचारून घ्या कारण भाज्यांच्या आशमध्येही कधी मांसाचा रस्सा असतो. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा चिवडा ठेवा, राजवाड्याच्या दिवशी दुपारी तेच कामाला येतं.

मुंबईपर्यंत देवगिरी, नंदीग्राम, तपोवन जी सोयीची असेल ती धरा, पुढं विमानानं आखातातून शिराझ नाहीतर तेहरानला उतरून तिथून शिराझ. शिराझला किमान तीन रात्री ठेवा. राजवाडा तिथून साधारण ६० किलोमीटर, मर्वदश्त गावाच्या पलीकडं, गाडीनं तासाभराचा रस्ता. मी तर म्हणेन दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा, हॉटेलवाल्याकडून दर विचारून घ्या, आणि ठरवतानाच सांगा की आम्ही संध्याकाळपर्यंत तिथंच आहोत. चौघांत वाटून घेतलं तर अंगावर येत नाही. गेट उघडायच्या वेळेला तिथं पोचा, वेळा ऋतूप्रमाणं बदलतात म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. पाणी भरपूर, टोपी, आणि जाड तळाचे बूट.

वाटेत झाडीत लोखंडी सांगाडे दिसतील, ते १९७१ चे. शाह पहलवीनं इराणी साम्राज्याच्या २५०० वर्षांचा सोहळा केला होता, जगभरचे राजे-राष्ट्राध्यक्ष बोलावून तंबूंचं शहर उभारलं होतं, त्याचे हे अवशेष. बघून पुढं व्हा.

समोर येतो तो चौथरा. कुह-ए-रहमत डोंगराच्या पायथ्याशी थोडा डोंगर तासून, थोडा भराव घालून केलेला, साधारण ४५० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद. वेरूळला डोंगर वरून खाली कोरत आणला, इथं दगड कापून आणून एकावर एक बसवलेत, तेही चुना-मातीशिवाय, धातूच्या पकडींनी सांधून. भिंतीत जागोजागी जी भोकं दिसतात ती नंतरच्या लोकांनी धातूसाठी फोडलेली. दार्युशनं हे काम इ.स.पू. ५१८ च्या सुमारास सुरू केलं, मुलगा झर्कसीझ आणि नातू अर्तझर्कसीझनं पुढं नेलं, आणि इ.स.पू. ३३० मध्ये सिकंदराच्या हातून ते जळालं. दारूच्या भरात जाळलं की इराण्यांनी अथेन्स जाळलं होतं त्याचा सूड म्हणून ठरवून जाळलं, यावर अजून वाद आहे.

वर जायला दोन बाजूंनी वळत जाणारा १११ पायऱ्यांचा जिना आहे. पायऱ्या इतक्या बुटक्या की गुडघे दुखणारी आजीसुद्धा सहज चढते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागं ठेवू नका. काही ठिकाणी एकाच अखंड दगडात चार-पाच पायऱ्या कापल्यात, त्या शोधा.

वर पोचलं की झर्कसीझचा सर्व देशांचा दरवाजा. आत येताना बैल, पलीकडच्या तोंडाला माणसाचं डोकं आणि पंख असलेले बैल, वर तीन भाषांत राजाचा लेख. इथं आतल्या भिंतींवर प्रवाशांनी कोरलेली नावं बघा, त्यात १८०० सालचं कॅप्टन जॉन माल्कमचं नाव सापडेल. हा तोच माल्कम, ज्याच्यापुढं दुसऱ्या बाजीरावानं १८१८ मध्ये शरणागती पत्करली आणि जो नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. नाव कोरलं तेव्हा तो इंग्रज कंपनीचा वकील म्हणून इराणच्या शाहकडं निघाला होता. आपली मराठी माणसं या दरवाजातून नुसती जातात आणि त्यांना कुणी हे सांगतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इथून सगळे ग्रुप उजवीकडं उंच खांबांकडं वळतात. तुम्ही मात्र आधी अपादानाच्या पूर्वेकडच्या जिन्याकडं जा, गर्दी व्हायच्या आत, कारण राजवाड्यातली सगळ्यात मोलाची जागा ती आहे आणि दोन तास तिथंच जायला हवेत. अपादाना म्हणजे दरबाराचा महाल, ७२ खांबांचा, त्यातले जेमतेम १३-१४ उभे आहेत, वीसेक मीटर उंच. उत्तरेकडचा जिना शतकानुशतकं उघडा राहिला म्हणून झिजलाय, पूर्वेकडचा मात्र राडारोड्याखाली गाडलेला होता, १९३० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी उकरून काढला तेव्हा काल कोरल्यासारखा निघाला. वर आता छप्पर घातलंय.

जिन्याकडं तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला सैनिक, घोडे, रथ आणि इराणी-मीडी सरदार (मीडी म्हणजे इराण्यांचे शेजारी आणि भाऊबंद). पन्हाळीदार उंच टोपीवाले इराणी, गोल टोपीवाले मीडी, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं वाचता येतं. हे सरदार ताठ नाहीत, एकानं मागं वळून दुसऱ्याचा हात धरलाय, कुणी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलाय, कुणाच्या हातात फूल आहे, लग्नाच्या मांडवात शिरताना माणसं जशी गप्पा मारत रांगेत सरकतात तसंच चाललंय. डाव्या हाताला राज्यातल्या २३ देशांची शिष्टमंडळं भेटी घेऊन आलीत. प्रत्येक गटाच्या पुढं एक दरबारी, तो पाहुण्याचा हात धरून नेतोय, आणि दोन गटांच्या मध्ये सरूचं झाड. एलामचे लोक सिंहीण आणि तिची दोन पिल्लं घेऊन आलेत, सिंहिणीनं मान वळवून मागच्या पिल्लांकडं बघितलंय, तो चेहरा चुकवू नका. उंच टोकदार टोपीवाले शक, दोन मदारींचा उंट घेतलेले बाख्त्री, म्हणजे बल्खकडचे, हस्तिदंत आणलेले कुशचे, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचे लोक.

आणि मग आपले. हिंदूश नावाचा प्रांत, म्हणजे सिंधकडचा भाग, त्या काळी दार्युशच्या ताब्यात होता, तिथली माणसं इथं आहेत. पुढारी धोतरासारखं नेसलेला आणि पायात चपला, मागचे उघडे आणि अनवाणी. एकाच्या खांद्यावर कावड आहे, दोन्ही टोकांना टोपल्या, टोपल्यांत बारक्या पिशव्या. त्यात सोन्याचा चुरा असावा असं मानतात, कारण हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय की भारतीय प्रांत ३६० टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याचा चुरा कर म्हणून द्यायचा. एक जण गाढव हाकतोय, एकाच्या हातात कुऱ्हाडी. त्या कावडीसमोर उकिडवं बसून बघा, दोरीचे पीळसुद्धा मोजता येतील इतक्या जवळून. पण हात लावू नका बरं, कुणाचं लक्ष नसलं तरी नाही, बोटाच्या तेलानं दगड काळा पडतो, आपल्या लेण्यांत ते झालेलं आपण बघतोच.

एक गोष्ट मला तिथं फार भिडली, आणि ती तुम्ही स्वतः तपासून बघा : एवढ्या सगळ्या माणसांत कुणाच्या हातापायात बेड्या नाहीत, कुणी राजाच्या पायाखाली तुडवला जात नाही. राज्य तलवारीनंच मिळवलं होतं, पण दाखवायचं काय हे त्यांनी विचार करून ठरवलं होतं.

बाकीचं मग निवांत. शंभर खांबांच्या महालात खांब उरलेच नाहीत, नुसत्या बैठका आहेत, तिथं दारांच्या आतल्या बाजू बघायच्या, राजाचं सिंहासन खालून उचलून धरलेली देशोदेशीची माणसं आणि पशूशी लढणारा राजा. जवळच अर्धवट राहिलेला दरवाजा आहे, ओबडधोबड दगड तसेच पडलेत, वेरूळला अर्धवट लेणी बघितलेल्याला तिथं कामाची पद्धत लगेच कळते. दार्युशच्या खासगी महालात, तचरात, काळा दगड घासून इतका गुळगुळीत केलाय की चेहरा दिसावा, त्याच्या जिन्यावर कोकरं आणि झाकलेली भांडी घेऊन चढणारे चाकर आहेत.

दुपारी उन्हाच्या वेळेला म्युझियममध्ये जा, ते जनानखान्याच्या जागेवर पुन्हा उभारलेल्या इमारतीत आहे. खजिन्याच्या भागात राजाच्या दरबाराचा मोठा शिल्पपट आहे, मूळचा अपादानाच्या जिन्याच्या मध्यभागी होता, त्याचा जोडीदार तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात. इथंच तटबंदीच्या खोल्यांतून १९३३ मध्ये लेख कोरलेल्या हजारो मातीच्या पाट्या निघाल्या, एलामी भाषेतल्या, मजुरांना किती धान्य, किती दारू दिली याचा रोजचा हिशेब. बाळंतिणीला जास्तीचा शिधा मिळायचा, मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या मस्टरसारखाच हिशेब तो, फक्त अडीच हजार वर्षांपूर्वीचा. ही खिळ्यांच्या आकाराची लिपी (क्यूनिफॉर्म) वाचायची सुरुवातही याच भिंतींवरच्या लेखांमुळं झाली. कार्स्टन नीबूर नावाचा जर्मन प्रवासी मुंबई-सुरतेत राहून १७६५ मध्ये इथं आला, लेख जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि त्याच नकलांवरून १८०२ मध्ये ग्रोटेफेंड नावाच्या जर्मन शिक्षकानं राजांची नावं ओळखली.

चौथऱ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर दार्युशचा एक लेख आहे, त्यात तो अहुरमझ्दा या आपल्या देवाकडं मागतो की या देशाला शत्रूच्या सैन्यापासून, दुष्काळापासून आणि असत्यापासून वाचव. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसानं तिथं दोन मिनिटं थांबावं. जवळच चौथऱ्याच्या पोटातून गेलेल्या दगडी मोऱ्याही बघा, इमारत उभी करायच्या आधीच पाणी कसं वाहून जाईल हे ठरवलेलं होतं. मलिक अंबरच्या नहरींच्या शहरातून जाणाऱ्यांना यातली अक्कल वेगळी सांगायला नको.

उन्हं उतरली की मागच्या डोंगरात कोरलेल्या थडग्यापर्यंत चढा, थोडंच अंतर आहे. तिथून सगळा चौथरा नकाशासारखा दिसतो, दिवसभर बघितलेलं डोक्यात जागेवर बसतं. ही चढण सकाळी केलीत तर समोर नुसते दगड दिसतील, म्हणून शेवटीच.

दुसऱ्या दिवशी नक्श-ए-रुस्तम, राजवाड्यापासून काही किलोमीटरवरच. कड्यात उंचावर कोरलेली चार राजांची थडगी, त्यातलं दार्युशचं त्याच्यावरच्या लेखामुळं नक्की ओळखता येतं. खाली कितीतरी शतकांनंतरच्या सासानी राजांची शिल्पं, त्यात घोड्यावरचा शापूर आणि त्यानं इ.स. २६० मध्ये पकडलेला रोमन सम्राट व्हॅलेरियन. अजिंठ्याच्या छतावरच्या टोपीवाल्यांच्या काळात इराणवर राज्य होतं ते याच सासानी घराण्याचं. पासारगादला दार्युशच्या आधी हे साम्राज्य उभं करणाऱ्या सायरस राजाचं साधं, पायऱ्यांच्या जोत्यावरचं थडगं आहे, ते इस्फहान किंवा यझ्दकडं जाताना वाटेत करा, त्याच्यासाठी शिराझला परत यायची गरज नाही.

गाइड घ्यायचा असेल तर फक्त पहिले दोन तास घ्या आणि त्याला सांगा की जिन्यावरची माणसं एकेक करून दाखव, मग उरलेला दिवस तुम्ही तुमचे फिरा. आणि शिराझ सोडायच्या आधी उरलेले रियाल खर्च करून टाका, पिस्ते घ्या, केशर घ्या, कारण ते भारतात परत बदलून मिळत नाहीत.